पंडिता रमाबाई : प्रीतीची साधना

इंग्लंडमधील चेल्टनहॅम या गावी १८८५ साली एक तरुण मराठी विधवा राहत होती. तेथील मुलींच्या नामांकित महाविद्यालयात ती स्वतः इंग्रजी, गणित आणि विज्ञान शिकत होती, आणि काही विद्यार्थिनींना संस्कृत शिकवीत होती. वय अवघे सत्तावीस वर्षांचे. पदरी चार वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिने ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला होता. त्यामुळे स्वदेशात अनेक जण तिच्यावर रुष्ट झाले होते. आता परदेशात, ज्यांनी तिला प्रेमाने आसरा दिला होता, तेही तिच्यावर नाराज होऊ लागले होते. ख्रिस्ती झालेल्या या स्त्रीला ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत सिद्धान्त पटत नव्हता, आणि जे पटत नाही ते पटले असे म्हणण्यास ती तयार नव्हती. ही स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

तो सिद्धान्त त्रैक्याचा होता. ख्रिस्ती श्रद्धेनुसार परमेश्वर एकच आहे. परंतु तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींच्या रूपाने अनादिकाळापासून एकत्वाने नांदतो. येशू ख्रिस्त हा त्यांतील पुत्र. इसवी सन ३२५ मध्ये निकेया येथे आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मपरिषदांनी ही श्रद्धा शब्दबद्ध केली. आपल्याकडील त्रिमूर्तीच्या कल्पनेशी तिचे वरवर साम्य दिसते, पण तिचा अर्थ वेगळा आहे. येथे तीन देव नाहीत आणि उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणीही नाही. संत ऑगस्टीन या प्राचीन धर्मचिंतकाने हे गूढ उलगडताना प्रेमाचा दृष्टान्त घेतला. प्रेम म्हटले की प्रेम करणारा आला, ज्याच्यावर प्रेम करायचे तो आला आणि त्या दोघांना जोडणारे प्रेमही आले. परमेश्वर प्रेमस्वरूप आहे असे मानले, तर त्याच्या ठायी हे तिन्ही असलेच पाहिजेत, असा त्याच्या विवेचनाचा रोख होता.

दृष्टान्त सुंदर आहे. पण रमाबाईंसारख्या तर्ककठोर विदुषीचे समाधान केवळ दृष्टान्ताने होण्यासारखे नव्हते. त्या कोणत्या वाटेने येथवर आल्या होत्या हे पाहिले, म्हणजे त्यांची अडचण ध्यानात येते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न संस्कृत पंडित होते. स्त्रियांनीही संस्कृत शिकावे, असे त्यांचे ठाम मत होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी स्वतः संस्कृत शिकविले. या अपराधासाठी, म्हणजे तत्कालीन समाजाच्या दृष्टीने अपराधासाठी, उडुपी येथील विद्वानांसमोर त्यांना शास्त्राधारे आपली बाजू मांडावी लागली. लोकनिंदेला कंटाळून ते अरण्यात आश्रम करून राहिले. पुढे आलेल्या-गेलेल्यांच्या आतिथ्यात सारी मिळकत संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. ती यात्रा पुढे कित्येक वर्षे संपलीच नाही. देवळाच्या आवारात पुराण सांगावे, श्रोते देतील त्यावर गुजराण करावी आणि पुढचे तीर्थ गाठावे, असा क्रम होता. या फिरत्या संसारात लक्ष्मीबाईंनी रमेला शिकविले. पहाटे, इतर कामे सुरू होण्यापूर्वी, आईच्या तोंडून ऐकत ऐकत भागवताचे हजारो श्लोक मुलीला मुखोद्गत झाले.

मग दक्षिणेत दुष्काळ आला. भिक्षा मागण्याची या कुटुंबाला सवय नव्हती, शारीरिक कष्टाची कामे ठाऊक नव्हती. होते नव्हते ते विकून झाले. रानातली पाने आणि फळे खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. वृद्ध अनंतशास्त्री गेले, काही आठवड्यांतच लक्ष्मीबाई गेल्या आणि त्यापाठोपाठ थोरली बहीणही गेली. आईच्या अंत्ययात्रेला खांदा द्यायला पुरेसे लोक मिळाले नाहीत. रमाबाईंना स्वतः पुढे व्हावे लागले, आणि उंचीने लहान असल्याने तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी उत्तरेकडे निघाली. दोन हजार मैलांहून अधिक मजल त्यांनी केली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. हे सारे व्रत, उपास, दानधर्म आणि तीर्थस्नाने यथासांग करीत असताना घडत होते. भुकेचा आणि श्रद्धेचा असा एकत्र अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला पुढे कोणताही धर्म केवळ शब्दांनी समजावून देणे सोपे राहत नाही.

१८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्म समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत भेट देऊन ते वाचण्यास उत्तेजन दिले. योगायोग असा, की पुढे १८८२ साली याच केशवचंद्रांनी ख्रिस्ती त्रैक्याचा अर्थ सत्, चित् आणि आनंद या वेदान्तातील संज्ञांच्या साहाय्याने लावून दाखविला. रमाबाईंची वाट मात्र वेगळी होती. मूर्तिपूजा त्यांनी सोडली होती, आणि ब्राह्म समाजाच्या सहवासात निराकार, एकमेव ईश्वराची कल्पना त्यांच्या मनात दृढ झाली होती.

१८८० मध्ये श्रीनिवासही वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर वेगळ्या जातीचा, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. दोघांनी आसामातील सिल्चर येथे संसार थाटला. तेथे पतीच्या ग्रंथसंग्रहात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्यांनी ती आवडीने वाचली. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीच्या आजाराने बिपिनबिहारींचे निधन झाले. चोविसाव्या वर्षापूर्वीच वैधव्य आले.

तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगासमोर साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-वैद्य हव्यात, अशी मागणी केली. स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा गाठीशी बांधून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी या जोगिणींच्या संघाने त्यांना आश्रय दिला. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा विचार मात्र सोडून द्यावा लागला.

वाँटेजच्या भगिनींनी एकदा त्यांना लंडनजवळील फुलहॅम येथील आपले एक सेवाकेंद्र दाखविले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळत असे. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरांतील भगिनी त्या स्त्रियांबरोबर राहत, त्यांना काम शिकवीत आणि त्यांच्याशी आदराने वागत. रमाबाईंना हे सर्वस्वी नवे होते. असे का करता, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग वाचून दाखविण्यात आला. विहिरीवर पाण्याला आलेल्या, कलंकित मानल्या गेलेल्या एका परजातीच्या स्त्रीजवळ येशू पाणी मागतो आणि तिच्याशी परमेश्वराच्या उपासनेविषयी बोलतो, असा तो प्रसंग. ज्या ज्ञानाचा अधिकार स्त्रीला नाही म्हणून आपल्या पित्याला विद्वानांपुढे उभे राहावे लागले, ते ज्ञान येथे अशा स्त्रीला भर दुपारी विहिरीवर दिले जात आहे, हे रमाबाईंच्या अंतःकरणाला भिडले असल्यास नवल नाही. नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे या विद्वान मराठी धर्मगुरूंच्या लेखनाचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथून खरा झगडा सुरू झाला. ख्रिस्ताची शिकवण आणि त्याच्या अनुयायांची सेवा यांनी रमाबाईंना जिंकले होते. परंतु चर्चच्या साऱ्या सिद्धान्तांपुढे मान तुकविणे त्यांना अवघड गेले. त्रैक्य, येशूचे ईश्वरत्व, कुमारीच्या पोटी झालेला त्याचा जन्म यांविषयी त्या प्रश्न विचारीत. वाँटेज येथील भगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत. या आजीबाईंना शिष्येचे प्रश्न म्हणजे अहंकार वाटे. गुरुजनांनी सांगितले ते नम्रतेने स्वीकारावे, अशी त्यांची अपेक्षा. रमाबाईंचे म्हणणे असे, की आपण पुरोहितांच्या सत्तेचे जोखड नुकतेच कोठे झुगारले आहे. ते परत दुसऱ्याच्या हाती देणार नाही. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नसावीत, यावरही त्यांनी वाद घातला. मनोरमेच्या कोवळ्या मनावर न समजणारी गूढ तत्त्वे लादू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिया बील या अधिक समजूतदार निघाल्या. त्यांनी रमाबाईंना आपल्या शंका लिहून काढू दिल्या आणि अधिकाराचा दर्प न दाखविता उत्तरे दिली. ही पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत एका बाजूला प्रेमळ पण धास्तावलेल्या इंग्रज स्त्रिया आणि दुसऱ्या बाजूला कृतज्ञ पण स्वाभिमानी मराठी पंडिता, असे हृद्य चित्र दिसते. उपकारकर्त्याशी मतभेद होणे ही माणसाच्या सत्यनिष्ठेची सर्वांत कठीण कसोटी असते. रमाबाई त्या कसोटीला उतरल्या, आणि त्यांनी आजीबाईंशी असलेला स्नेहही तुटू दिला नाही.

१८८६ मध्ये, डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेतील फिलाडेल्फियास गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशात राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक तेथे खूप खपले. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य देण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. भारतात परतताच ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. बालविधवांसाठी वसतिगृहासह शाळा, असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई या विधवाच होत्या. त्याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई उर्फ बाया कर्वे म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलविले. सदनात कोणालाही धर्म शिकवायचा नाही, हे आरंभीच ठरले होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई मात्र रोज आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. आईच्या मायेने वागणाऱ्या बाईंजवळ मुली येऊन बसू लागल्या. काही जणींना ख्रिस्ताविषयी ओढ वाटू लागली. पुण्यात खळबळ उडाली. ‘केसरी’ने सदनावर कडाडून टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पंचवीसच्या आसपास मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. ज्यांनी विश्वासाने मुली पाठविल्या, त्यांना तो विश्वास डळमळल्यासारखा वाटला. आणि रमाबाईंचा प्रश्न असा, की इतरांच्या मुलींना आपापली पूजा करण्याची मोकळीक आहे, तर माझ्याच घरात मला दार लावून प्रार्थना का करावी लागावी? रानड्यांसारखा माणूस दुरावला याचे दुःख त्यांना झाले. पण दार त्यांनी लावून घेतले नाही.

याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेतही बदल होत होता. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला अद्याप पुरते ओळखले नाही, अशी जाणीव त्यांना १८९१ च्या सुमारास झाली. १८९५ साली लोणावळ्यास भरलेल्या एका प्रार्थना-मेळाव्याला त्या आपल्या काही विद्यार्थिनींसह गेल्या, आणि पवित्र आत्म्याचे साहाय्य म्हणजे काय याचा तेथे आपल्याला अनुभव आला, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. ज्या तत्त्वाविषयी चेल्टनहॅमला त्यांनी पानेच्या पाने भरून शंका लिहिल्या, ते अशा रीतीने, वादाने नव्हे तर हळूहळू, त्यांच्या अंगवळणी पडत गेले. १९०७ साली त्यांनी लिहिलेल्या आत्मनिवेदनात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे उल्लेख घरच्या माणसांविषयी बोलावे इतक्या सहजतेने येतात.

अमेरिकेतील साहाय्याची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. संस्था स्वावलंबी व्हावी म्हणून रमाबाईंनी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या आणि फळबाग लावली. ती फळबाग पैशासाठी होती. पण तिला फळे धरण्यापूर्वीच तिच्या सावलीला माणसे आली.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. वृत्तपत्रांतील बातम्या वाचून रमाबाईंना आपले आईवडील आठवले. हाताशी पैसा नव्हता, जागा अपुरी होती, सल्ला देणारे सबुरीने घ्या म्हणत होते. तरीही त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांत त्यांनी पाहिलेल्या मुली म्हणजे कातडे पांघरलेले हाडांचे सापळे होते. त्यांतील अनेकींना पळवून नेण्यासाठी दलाल टपलेले होते. काही महिन्यांत रमाबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. इकडे पुण्यात प्लेगची साथ पसरली होती. एवढ्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारने मनाई केली. मग केडगावच्या उघड्या माळावर राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्या वस्तीला नाव मिळाले मुक्ती.

शारदा सदनातील जुन्या विद्यार्थिनी बहुतेक ब्राह्मण घरांतील विधवा होत्या. सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात त्यांचे बालपण गेले होते. आता त्यांच्यापुढे वेगवेगळ्या जातींच्या, अंगावर फोड आणि जखमा असलेल्या, केसांत उवा झालेल्या आणि अन्न दिसताच झडप घालणाऱ्या मुली येऊन पडल्या. त्यांना न्हाऊ घालायचे, जखमा धुवायच्या, पोट सोसेल एवढेच अन्न वरचेवर भरवायचे आणि रात्री ओरडत उठणारीला जवळ घेऊन निजायचे. मोठ्या मुलींकडे लहान मुली सोपविण्याची पद्धत रमाबाईंनी घातली. सांभाळणारीला आई होण्याचा आणि सांभाळली जाणारीला लेक होण्याचा अनुभव मिळाला. ज्यांना वैधव्यामुळे समाजाने अपत्यसुख नाकारले होते, त्या स्त्रियांच्या मांडीवर अशा रीतीने मूल आले. सगळीच मुले वाचली नाहीत. उपासमारीने खंगलेल्या देहांना अन्नही पुष्कळदा उशिरा पोहोचत होते. वाचली ती मात्र त्याच घरात वाढली.

त्रैक्याविषयी बोलताना ख्रिस्ती चिंतक सांगतात, की तेथे कोणी कोणाहून वरचढ नाही आणि कोणी एकटे नाही. केडगावच्या स्वयंपाकघरात सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र दळत, रांधत आणि एका पंक्तीला जेवत. रमाबाईंनी याची तात्त्विक चर्चा केल्याचे दिसत नाही. पित्याची कामे अमुक, पुत्राची तमुक, आत्म्याची अमुक, असे त्यांच्या कार्याचे तीन कप्पे पाडण्याचा मोह एखाद्या प्रवचनकाराला होईल. पण रोज शेकडो पानांवर भाकरी पडली पाहिजे, ही ज्याची चिंता असते, त्याचे दिवस असे कप्प्यांत मावत नाहीत.

१८९९-१९०० मध्ये त्याहूनही मोठा दुष्काळ आला. राजपुताना, गुजरात, काठेवाड, मध्य प्रांत आणि मुंबई इलाख्याचा मोठा भाग त्यात होरपळला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून राजस्थानात आजही तो छपनिया या नावाने ओळखला जातो. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह दुसरे यांनी १९०० साली मोठी रक्कम देऊन सर्व देशासाठी दुष्काळ निवारण निधी उभारण्यास चालना दिली. ज्यांच्याजवळ खजिना होता त्यांनी खजिना उघडला. रमाबाईंजवळ होते ते घर. त्यांच्या सहकारिणी गुजरातेत गेल्या आणि मुलींच्या तुकड्यामागून तुकड्या घेऊन आल्या. केडगावची लोकसंख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांच्या पोटासाठी आणि हातांसाठी काम हवे होते. शेती, गाईगुरे, हातमाग, शिवणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना असे उद्योग तेथे उभे राहिले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढण्यात आले. फुलहॅमला पाहिलेले दृश्य रमाबाई विसरल्या नव्हत्या. वृद्धांसाठी प्रीतिसदन झाले. अंध मुलींसाठी मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि त्यांनी त्या मुलींना वाचायला व विणायला शिकविले. त्या काळी आपल्याकडे अंध मुलगी म्हणजे केवळ भार समजला जाई, हे लक्षात घेतले की या कामाचे मोल कळते.

१९०५ च्या जून महिन्यात मुक्तीमध्ये धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. मुली तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, आपल्या चुकांसाठी रडू लागल्या, एकाच वेळी मोठ्याने बोलू लागल्या. देशोदेशीचे लोक ते पाहण्यास आले. काहींनी त्यात परमेश्वराचा हात पाहिला, तर काहींना हा भावनेचा अतिरेक वाटला. शास्त्रार्थात वाढलेल्या रमाबाईंनी मुलींना गप्प बसविले नाही. मात्र त्यांनी प्रार्थनेला कामाची जोड दिली. मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले आणि घरची दळणे, धुणी, शिवण व शाळा नेहमीसारखीच चालू राहिली.

रमाबाईंची राहणी अखेरपर्यंत साधी होती. आखूड केस, पांढरे लुगडे आणि शाकाहारी जेवण. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी इंग्रजी पोशाख किंवा आहार घेतला नाही. विदेशातून पाहुणे येत, त्यांनाही या बाई भारतीयच राहणार हे थोड्याच वेळात समजून येई. स्वभाव मात्र करारी. संस्थेतील शिस्त कडक होती आणि निर्णय बहुधा त्यांचाच असे. चेल्टनहॅमला अधिकाराविरुद्ध उभी राहिलेली ही स्त्री स्वतः अधिकार गाजवू शकत होती, हेही त्यांच्या चरित्राचा भाग म्हणून सांगितले पाहिजे.

उत्तरायुष्यात त्यांनी एक काम हाती घेतले, ते बायबलच्या मराठी भाषांतराचे. आधीची भाषांतरे होती, पण त्यांची संस्कृतप्रचुर भाषा मुक्तीतील अडाणी स्त्रियांना कळत नसे. ज्या स्त्रीची वाणी संस्कृतात सहज वाहत असे, तिने आता संस्कृत शब्द वेचून बाजूला काढण्यास आरंभ केला. मूळ ग्रंथ समजावा म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छपाई आणि बांधणी ही सर्व कामे मुक्तीतील स्त्रियाच करीत.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे मिरज येथे निधन झाले. आईचे सारे कार्य पुढे जिच्या हाती जायचे, तीच आधी गेली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, कानांनी जवळजवळ बहिऱ्या झालेल्या रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. शेवटच्या आजारात, हे काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि अखेरचे मुद्रित तपासून झाल्यावरच त्या गेल्या, असे मुक्तीत सांगत आले आहेत. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले.

संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याची पाने जुळविणाऱ्या आणि शिवणाऱ्या स्त्रियांत, सत्तावीस वर्षांपूर्वी राहुट्यांत आणून निजविलेल्या मुलीही होत्या. त्या आता वाचू शकत होत्या.